फ्लाइंग ओव्हरऑल ढगळ का असतो, आणि तो तसाच का राहू द्यावा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. भाचा कुलाब्याला आयएनएस शिक्रावर हेलिकॉप्टर पायलट आहे. सुट्टीच्या दिवशी गिरगावात तुमच्याकडे येतो आणि कपडे धुवायला टाकतो. पांढरा युनिफॉर्म कडक इस्त्रीचा, आणि उडताना घालायचा हिरवा ओव्हरऑल मात्र पोत्यासारखा लोंबतो. ओळखीच्या टेलरकडून कमरेत आणि मांडीत घेऊन देते म्हणालात, तर तो चिडला. वर म्हणाला, या कपड्यावरून आमच्यातच दहा मतं आहेत: बाह्या दुमडाव्यात की नाही, पॅच किती लावावेत, बाहेर घालून जावं की नाही. म्हणून तुम्ही विचारलंत की वैमानिकांचं खरं मत काय, आणि शिस्तीच्या नोकरीत असा अवतार चालतो कसा.

मी नौदलात 20 वर्षांहून जास्त काळ हेलिकॉप्टर उडवली, आधी चेतक आणि मग सी किंग. त्यातली बरीच वर्षं तुमच्या भाच्याच्याच तळावर गेली. 2009 मध्ये त्याचं नाव आयएनएस शिक्रा झालं, त्याआधी आम्ही त्याला कुंजली म्हणायचो. भाचा चिडला ते योग्यच झालं. का, ते सविस्तर सांगतो, कारण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे आणि यावर चुकीचं बोलणारे पुष्कळ आहेत.

फ्लाइट सूट हा शब्द आमच्यात फारसा कोणी वापरत नाही. आम्ही ओव्हरऑल म्हणतो: गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध कपडा. तो युनिफॉर्मच्या कपाटात टांगलेला असतो, त्याच्यावर नाव, हुद्दा, सोनेरी पंख असतात, म्हणून बघणाऱ्याला तो युनिफॉर्म वाटतो. पण त्याची बिरादरी हेल्मेट, हातमोजे आणि मे वेस्टची. (मे वेस्ट म्हणजे आमचं फुगवायचं लाइफ जॅकेट.) ही सगळी माणसाला जिवंत परत आणायची साधनं आहेत. ओव्हरऑल कसा दिसावा यावरचा कुठलाही वाद मी एकाच प्रश्नावर तोलतो: आग लागली किंवा हेलिकॉप्टर पाण्यात पडलं, तर याने फायदा होईल की तोटा?

आधी आगीचं. वैमानिकांच्या ओव्हरऑलसाठी जगभर सर्वाधिक वापरलं जाणारं कापड म्हणजे मेटा-अरामिड, आगीला दाद न देणारा कृत्रिम धागा, बाजारातलं नाव नोमेक्स. ड्यूपाँट कंपनीने ते 1960 च्या दशकात आणलं. अमेरिकी वैमानिकांच्या नेहमीच्या ओव्हरऑलमध्ये 92 टक्के मेटा-अरामिड, 5 टक्के पॅरा-अरामिड (त्याच जातीचा, जास्त मजबूत धागा) आणि 3 टक्के स्थिर वीज वाहून नेणारा धागा असतो. हे कापड वितळत नाही. साधारण 370 अंश सेल्सिअसच्या पुढे ते काळं पडून कोळशासारखं होतं, जाडावतं, आणि ज्योत बाजूला झाली की विझतं. पॉलिएस्टर मात्र 260 अंशांच्या आसपास वितळतं, आणि वितळलेलं पॉलिएस्टर कातडीला डिंकासारखं चिकटतं.

कापड चांगलं असलं की काम झालं, असा समज तरुण मुलांमध्येही असतो. खरं काम कापड आणि अंग यांच्यामधली हवा करते. गोधडीत ऊब राहते ती थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. तीच हवा इथे उलट्या दिशेने उपयोगी पडते आणि बाहेरची झळ आत यायला वेळ लावते. कातडीला 60 अंशांचा चटका सुमारे 5 सेकंद सहन होतो, 70 अंशांचा जेमतेम 1 सेकंद. जळत्या हेलिकॉप्टरमधून पट्टे सोडून बाहेर पडायला जे सेकंद लागतात, ते ही हवा मिळवून देते. कापड जिथे अंगाला चिकटलेलं असतं तिथे हवा नसते, आणि भाजतं ते तिथेच जास्त: खांदे, मांड्यांचा वरचा भाग, गुडघे. म्हणजे टेलर नेमका जिथे दोन बोटं आत घेतो तिथेच.

हे मी पुस्तकात आधी वाचलं होतं. अंगी लागलं ते वेगळ्या प्रकारे.

2000 च्या दशकातली गोष्ट. 4 डिसेंबरच्या नौदल दिनाआधी गेटवे ऑफ इंडियासमोर आमच्या प्रात्यक्षिकाची तालीम चालू होती. 1971 ला कराचीवर केलेल्या हल्ल्याची आठवण म्हणून हा दिवस साजरा होतो आणि त्या काळी दरवर्षी गेटवेला तोबा गर्दी व्हायची. तालमीनंतर एका वरिष्ठांनी आम्हाला बाजूला घेतलं. टीव्हीचे कॅमेरे येणार आहेत, आणि तुम्ही लोक उतरल्यावर गबाळे दिसता, ओव्हरऑल जरा नीटनेटके करून घ्या, असं म्हणाले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. मी कुलाब्यातल्या एका टेलरकडे गेलो आणि कमरेत, मांडीत, पोटऱ्यांशी घेऊन आलो. आरशात बघून मला स्वतःलाही बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी उड्डाणाआधी सेफ्टी इक्विपमेंट विभागात मे वेस्ट घ्यायला गेलो. तिथे मालवणकडचा एक पेटी ऑफिसर (नौदलातला एक हुद्दा) होता, वयाने माझ्यापेक्षा बराच मोठा. त्याने मला नखशिखांत पाहिलं आणि स्टुलावर बसायला सांगितलं. बसल्यावर मांडीवरचं कापड चिमटीत धरायचा प्रयत्न केला. चिमटीत काही येईना. गुडघ्यावर तेच, खांद्यावर तेच. मग तो आपल्या बोलीत म्हणाला, “सर, ह्यां चलाचां नाय.”

मी म्हटलं, वरून सांगितलंय. तो काही बोलला नाही. ओव्हरऑलच्या पायाशी टेलरने उलटी शिलाई घातली होती, तिचा लोंबणारा दोरा त्याने कात्रीने कापला. ड्रॉवरमधून एका जुन्या, बाद केलेल्या ओव्हरऑलची चिंधी काढली. दोन्ही घेऊन मला बाहेर उघड्यावर, हँगरपासून लांब नेलं आणि काडी ओढली. चिंधी काळी पडली, काडी बाजूला घेताच विझली. दोरा मात्र आक्रसत गेला आणि त्याचा मोहरीएवढा काळा, चकाकणारा मणी झाला. तो त्याने दगडावर टेकवला तर तिथेच चिकटून बसला. टेलरने साधा पॉलिएस्टरचा दोरा वापरला होता, दुसरं त्याच्याकडे असणार तरी काय! ओव्हरऑल अरामिडच्याच दोऱ्याने शिवलेला असतो. आगीत शिवणच वितळली तर कापड कितीही भारी असलं तरी पाय उघडा पडतो, आणि वितळलेली शिवण कातडीवर रेघ ओढते ती वेगळीच.

त्या दिवशी मी स्टोअरमधला दुसरा, एक माप मोठा ओव्हरऑल घालून उडालो. ज्या वरिष्ठांनी सांगितलं होतं त्यांनी मला तसं उतरताना पाहिलं. ते काही बोलले नाहीत. मला अजून वाटतं की त्यांनी बोलायला हवं होतं. आपलं सांगणं चुकलं होतं एवढं चार मुलांसमोर म्हणायला हवं होतं. त्यानंतर माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक मुलाला मी स्टुलावर बसवून चिमटीने तपासलं. उभं राहून नीट वाटणारा ओव्हरऑल बसल्यावर मांडीला ताणला जातो, आणि आमचं काम सगळं बसून.

ढगळपणालाही मर्यादा आहे, हे मात्र भाच्यालाही सांगा. कोचीला पाण्याखालून सुटकेचं प्रशिक्षण होतं. हेलिकॉप्टरच्या पोटासारखा सांगाडा असतो, त्यात पट्टे बांधून बसवतात, तो तलावात सोडतात आणि पाण्याखाली उलटा करतात. हेलिकॉप्टरचं इंजिन आणि पंखा वर असतात, म्हणून पाण्यावर पडलं की ते बहुतेकदा उलटतं. डोकं खाली, नाकात पाणी, काही दिसत नाही, आणि एका हाताने खिडकीची चौकट धरून दुसऱ्या हाताने पट्टा सोडायचा. अशा वेळी मनगटाशी लोंबणारी बाही किंवा उघडा खिसा कुठल्यातरी हँडलला अडकला तर काय होतं, ते मी शेजारच्या सीटवरच्या सोबत्याच्या बाबतीत पाहिलंय. पाणबुड्याने त्याला वर काढलं, पण तो दिवसभर गप्प होता. म्हणून मनगटाला आणि घोट्याला पट्टी असते ती आवळायची, खिशांच्या चेन लावायच्या, बाकीचं अंग मोकळं. माप याच बेताने निवडायचं. टेलरची गरजच पडत नाही.

बाह्या दुमडण्यावरून आमच्यात सर्वांत जास्त वाजतं, आणि मुंबईत तर वाजणारच. मे महिन्यात किंवा ऑक्टोबरात, पंखा फिरायच्या आधी कॉकपिटमध्ये बसलात की काचेच्या पेटीत शिजल्यासारखं होतं. घाम कोपरावरून टपकतो. ज्येष्ठांपैकी काही म्हणतात, एकदा ओव्हरऑल चढवला की बाही खाली म्हणजे खाली, मग चहा पीत बसला असाल तरीही. काही म्हणतात, उडेपर्यंत काय फरक पडतो? माझं मत मधलं आहे. क्रू-रूममध्ये दुमडा, काही बिघडत नाही. हेलिकॉप्टरकडे जायला दाराबाहेर पाऊल टाकलं की बाही खाली, चेन गळ्यापर्यंत, हातमोजे हातात. आग हवेतच लागते असं कुठे आहे? इंजिन सुरू करताना लागू शकते, पंखा फिरता ठेवून इंधन भरताना लागू शकते. हातमोजा आणि बाही यांच्यामध्ये मनगटाची उघडी पट्टी दिसली तर मी मुलांना ब्रीफिंगमधूनच परत पाठवत असे. गळ्याशी अर्धी उघडी चेन तर फोटोसाठीच असते; झळ खालून वर येते आणि हनुवटीला गाठते. ‘शोभत नाही’ असं मी कधी म्हटलं नाही. कारण खरं सांगितलं की मुलं ऐकतात.

आतल्या कपड्यांबद्दल सध्या फार हयगय होते. खेळाडूंचे, घाम लगेच सुकणारे टी-शर्ट मुंबईच्या दमट हवेत सगळ्यांना आवडतात. ते पॉलिएस्टरचे असतात. 1982 च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश जहाजांना आगी लागल्या तेव्हा कृत्रिम धाग्याचे कामाचे कपडे खलाशांच्या अंगावर वितळले. 2006 मध्ये अमेरिकेच्या मरीन कोअरने इराकमध्ये तळाबाहेर जाताना असे टी-शर्ट घालायला बंदी केली, तीही जखमी पाहूनच. बाहेर अरामिड आणि आत पॉलिएस्टर घालणाऱ्याच्या बाबतीत झळ अरामिडमधून उशिरा का होईना पोचते, आणि आतलं वितळतं. सुती बनियन, सुती मोजे, बस्स. भिजतं, चिकटतं, मान्य आहे. दिवसात दोनदा बदला.

स्क्वाड्रनच्या रंगाचा गळ्यातला रुमाल मिरवायची हौसही यातच येते. पहिल्या महायुद्धात उघड्या कॉकपिटमध्ये वैमानिक सतत मान वळवून मागे बघत, कॉलरने मान सोलवटू नये म्हणून रेशमी रुमाल बांधत. रेशीम वितळत नाही. आज शिवून मिळतात ते रुमाल पॉलिएस्टरच्या सॅटिनचे. समारंभाला बांधा, उडताना काढा.

पॅचबद्दल मी मवाळ आहे. स्क्वाड्रनचा पॅच छातीवर किंवा दंडावर असला की पोरांची छाती दोन इंच फुगते, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. नावाची पट्टी, पंख, स्क्वाड्रन, हेलिकॉप्टरचा प्रकार, एवढं पुरे. दोन गोष्टींना सक्त विरोध. धातूचे पिन लावायचे नाहीत: त्यांच्या वर मे वेस्ट चढतं, आणि एका टोकदार पिनेने फुगवायची पिशवी फाटली तर समुद्रात पडल्यावर कळेल. आणि चिकटपट्टीचे (वेल्क्रोचे) मोठमोठे तुकडे सगळीकडे लावायचे नाहीत, कारण ती पट्टी नायलॉनची असते. बोटातली अंगठीही काढायची. हे लग्न नुकतंच झालेल्यांना पटवायला सर्वांत जड जातं. उडी मारून उतरताना अंगठी कुठे अडकली तर बोटाची कातडी सोलून निघते.

आता बाहेर घालून फिरण्याबद्दल. ओव्हरऑल घालून कॉजवेवर खरेदीला किंवा चर्चगेटहून लोकलने घरी जायचं नाही, असं आम्हाला बजावलेलं असायचं. त्याचं कारण बहुतेक जण प्रतिष्ठा सांगतात. सुरक्षेचं कारणही आहे, तेही खोटं नाही. पण माझ्या दृष्टीने सर्वांत मोठं कारण खिसे. ओव्हरऑलला छातीवर, मांड्यांवर, पोटऱ्यांवर, दंडावर खिसे असतात. बाहेर पडलात की त्यांत वडापावचे सुटे पैसे जातात, रेल्वेचा पास जातो, घराची किल्ली, कानात घालायची ती छोटी यंत्रं. दुसऱ्या दिवशी तोच ओव्हरऑल हेलिकॉप्टरमध्ये बसतो. पायाशी पेडल असतात, खाली नियंत्रणाच्या दांड्या. एखादं नाणं किंवा पेन तिकडे घरंगळलं आणि पेडल अडकलं, तर कितीही कसबी पायलट असो, काय करणार? आमच्याकडे मेकॅनिकचा पाना हरवला तर तो सापडेपर्यंत हेलिकॉप्टर उडत नाही. मग पायलटच्या खिशातल्या पाच रुपयांना सूट कशी द्यायची? शिवाय रस्त्यावरचं तेल, गाडीचं ग्रीस कापडाला लागतं. कापड जळत नाही, तेल जळतं.

रंगाचंही एक सांगतो. हिरवा रंग जमिनीवर लपायला चांगला, समुद्रात मात्र हिरव्या कपड्यातला माणूस वरून दिसत नाही. म्हणून मे वेस्ट भडक रंगाचं असतं, आणि ते झाकेल असं काही वरून घालायचं नाही, पावसाळी कोटसुद्धा.

बायकांच्या बाबतीत मात्र आमच्या पिढीने कमी विचार केला, हे मी उघड कबूल करतो. 2019 च्या डिसेंबरात नौदलाला पहिली महिला पायलट मिळाली, 2020 मध्ये दोघी जणी हेलिकॉप्टरमधल्या निरीक्षक (उडताना रडार आणि सेन्सर सांभाळणाऱ्या अधिकारी) म्हणून जहाजांवरच्या कामासाठी निवडल्या गेल्या. एकसंध ओव्हरऑल पुरुषी मापांवर बेतलेला असतो. खांद्याला बसला तर कंबरेत आवळतो, कंबरेत बसला तर बाह्या लांब. चिमटीची कसोटी लावली तर यांच्यापैकी कितीतरी जणींना स्टोअरमधलं कुठलंच माप धड बसत नाही. आणि लघवीला जायचं तर अख्खा ओव्हरऑल खांद्यावरून उतरवावा लागतो, म्हणून लांबच्या उड्डाणाआधी पाणीच प्यायचं नाही, असं चालतं. मुंबईच्या उकाड्यात पाणी न पिता उडणं म्हणजे चक्कर आणि चुका यांना आमंत्रण. अमेरिकी हवाईदलाने 2018 मध्ये वर-खाली असा दोन भागांचा ओव्हरऑल वापरायला परवानगी दिली. आमच्यातले काही जुने लोक त्याला नाक मुरडतात, कंबरेशी फट पडते म्हणतात. फट पडते हे खरं आहे, पण वरचा भाग पुरेसा लांब ठेवला की ती झाकता येते. सहा तास पाणी न प्यायलेल्या माणसाचं भान कशाने झाकणार? मी दोन भागांच्या बाजूने आहे, पुरुषांसाठीही.

आता तुमच्या हातातलं काम, म्हणजे धुणं.

पांढऱ्या युनिफॉर्मला धोबी कांजी घालतो, आणि सांगितलं नाही तर सवयीने ओव्हरऑललाही घालतो. माझा एकदा असा परत आला होता की जमिनीवर ठेवला तर उभा राहिला असता. कांजी म्हणजे पिठूळ पदार्थ, तो जळतो. ज्या कापडाची ख्याती न जळण्याची, त्यावर आपणच जळणारा थर द्यायचा! म्हणून भाच्याचा ओव्हरऑल धोब्याकडे देऊच नका, घरीच धुवा.

उलटा करा, चेन आणि चिकटपट्ट्या लावून घ्या, खिसे आधी रिकामे करा. साध्या साबणाच्या पावडरीत, इतर कपड्यांपासून वेगळा. ब्लीच घालू नका, त्याने धागा कमजोर होतो. कपडे मऊ करणारं ते सुवासिक द्रावणही नको, त्याचा मेणचट थर कापडावर राहतो आणि पेट घेतो. दोनदा स्वच्छ पाण्यातून काढा. वाळत घालताना गच्चीतल्या उन्हात नको, उन्हाने अरामिड विरतं. गॅलरीत सावलीला, पंख्याखाली. पावसाळ्यात दोन दिवस लागतील, पण दमट घडी करून बॅगेत भरू देऊ नका, मांड्यांना गजकर्ण होतं आणि आमच्यात ते फार जणांना असतं. इस्त्री केलीच तर कमी गरम, आणि धारदार घडी पाडायची गरज नाही. इंधनाचा किंवा तेलाचा वास येत असेल तर पुन्हा धुवा, वास जाईपर्यंत.

चेन अडकायला लागली की आपल्याकडे मेणबत्ती घासतात. इथे घासू नका, मेण म्हणजे इंधनच. आणि कुठे शिवण उसवलेली किंवा भोक पडलेलं दिसलं तर सुईदोरा हातात घेऊ नका. ते तसंच राहू द्या, त्यावर खडूने खूण करा आणि भाच्याला दाखवा. तो सोमवारी सेफ्टी इक्विपमेंटला नेऊन देईल, तिथे त्यांच्याकडे त्याच धाग्याची रिळं असतात.